कोयनेच्या बोटीला 'रिमॅन्युफॅक्चर्ड' इंजिन घेताय? पैसे देण्याआधी हे तपासा

पावसाळ्यात बामणोली, तापोळा, शेंबडीच्या बोटी काठाला बांधून असतात. वासोटा किल्ल्याची वाट बंद, पर्यटक नाहीत, म्हणून इंजिन खोलायचा किंवा बदलायचा विचार याच दिवसांत होतो. २०२४ मध्ये मुनावळ्याला जलपर्यटन केंद्र सुरू झालं, तेव्हापासून शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, बोट घालू पाहणारी तरुण मुलंही वाढली आहेत. नवं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावायचं) इंजिन परवडत नाही. मग कुणीतरी मुंबईहून, गोव्याहून किंवा रत्नागिरीकडून 'रिमॅन्युफॅक्चर्ड', म्हणजे खोलून नव्यासारखं केलेलं जुनं, इंजिन सुचवतं: निम्म्या किमतीत, रंग चकचकीत, सहा महिन्यांची वॉरंटी.

असं इंजिन घेऊच नये, असं मी म्हणत नाही. चांगलं केलेलं इंजिन बरीच वर्षं चालतं. पण प्रत्येक सिलिंडरच्या मोजमापांचा कागद आणि तुमचं आधीचं इंजिन का गेलं याचं उत्तर, या दोन गोष्टी हातात नसतील, तर समोरचं इंजिन जुनंच समजा आणि जुन्याचीच किंमत द्या. जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या लोकांसाठी बोट म्हणजे दवाखान्याची, बाजाराची वाट आहे. भर पाण्यात इंजिन जॅम झालं आणि वारा सुटला, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही.

आधी जुन्या इंजिनाचं मरण शोधा

बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. इंजिन सीझ झालं की ते भंगारात घालून दुसरं बसवतात. पण ज्या कारणाने पहिलं गेलं, ते कारण बोटीतच राहिलेलं असतं.

टू-स्ट्रोक आउटबोर्डची साधारण तीन दुखणी असतात. पहिलं म्हणजे पाण्याच्या पंपाचा इम्पेलर झिजतो. उन्हाळ्यात कोयनेचं पाणी खाली गेलं की काठाशी नुसता गाळ उरतो. त्या गाळातून बोट काढताना पंप चिखल ओढतो, रबराची पाती झिजतात, थंडाव्याचं पाणी कमी पडतं आणि पिस्टन चिकटतो. दुसरं, कार्बोरेटरचा जेट तुंबतो. पेट्रोल कमी जातं, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. तिसरं दुखणं ऑइलच्या प्रमाणाचं. ५०:१ म्हणजे १०० लिटर पेट्रोलला २ लिटर ऑइल. घाईत डब्यात अंदाजाने ओतलं की कधीतरी चुकतंच.

इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) डिझेल असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा भाग, तपासा. पाण्याने थंड होणारा मॅनिफोल्ड आतून सडला, तर पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरतं. जुना मॅनिफोल्ड तसाच ठेवून नवं इंजिन जोडलं, तर तेही त्याच वाटेने जातं. विक्रेता मग म्हणतो, "पाणी तुमच्या मॅनिफोल्डमधून आलं, वॉरंटी लागू नाही." आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं.

म्हणून जुनं इंजिन टाकायच्या आधी हेड उघडून मिस्त्रीकडून कारण समजून घ्या. एकच पिस्टन जळाला असेल तर त्या सिलिंडरचा कार्बोरेटर बघा. सगळेच चिकटले असतील तर थंडावा किंवा ऑइल. टाकी, नळ्या, फिल्टर, पंप, मॅनिफोल्ड यांतलं जे दोषी आहे, त्याचा खर्च नव्या इंजिनाच्या किमतीत धरा. तो धरल्यावर 'निम्म्या किमतीचा' हिशोब बदलतो.

नेमकं काय विकलं जातंय?

पूर्ण खोलून, प्रत्येक भाग कंपनीच्या मापाशी ताडून, झिजणारं सगळं बदलून आणि शेवटी चालवून तपासलेलं असेल तर ते रिमॅन्युफॅक्चर्ड. जे मोडलं तेवढं बदलून बाकी तसंच ठेवलं, तर ती साधी दुरुस्ती. बाजारात दोन्हींना एकच नाव लावतात.

आउटबोर्डमध्ये आणखी एक खुबी असते. 'इंजिन रिमॅन्युफॅक्चर्ड' म्हणून जे मिळतं, ते पुष्कळदा फक्त पॉवरहेड असतं, म्हणजे वरचा ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन. कार्बोरेटर, सीडीआय (ठिणगी देणारं युनिट), स्टार्टर, पाण्याचा पंप आणि पंख्याकडचा (प्रोपेलरकडचा) गिअरबॉक्स जुनाच असतो किंवा त्या किमतीत नसतो. बिलावर यादीच लिहून घ्या: काय नवं, काय दुरुस्त केलेलं, काय जुनं. विक्रेता ती द्यायला कां-कूं करत असेल तर पुढे बोलणी करू नका.

ट्रकचं डिझेल इंजिन बोटीत बसवलेलं असेल तर त्याला रिमॅन्युफॅक्चर्ड मरीन इंजिन म्हणणं चूक आहे. ते ट्रकचं इंजिन आहे, फक्त रेडिएटरच्या जागी पाण्याने थंड करायची व्यवस्था लावलेली. वाईट नाही, पण किंमत त्याप्रमाणे हवी.

पेट्रोल इनबोर्डच्या बाबतीत मात्र तडजोड नको. बोटीच्या बंद पोटात पेट्रोलची वाफ साचते. मरीन स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर पडू नये असे बनवलेले असतात, मोटारीचे तसे नसतात. स्वस्तात मोटारीचा स्टार्टर लावून दिलेलं इंजिन कितीही कमी किमतीत मिळालं तरी माणसं बसवायच्या बोटीत घालू नका.

खारं पाणी आणि पुराचं पाणी

साताऱ्याकडे येणारी बरीच जुनी आउटबोर्ड कोकण-गोव्याच्या समुद्रावर राबलेली असतात. समुद्रावर चाललेलं इंजिन गोड्या पाण्याने नियमित धुतलं नाही, तर ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या वाटांत मीठ साचत जातं. ॲल्युमिनियम आतून पोखरतं. बाहेरून रंग मारला की काही दिसत नाही. बेंदराला बैल रंगवला तरी घेणारा त्याचे दात बघतोच, तसे इथेही आतले दात बघावे लागतात.

थर्मोस्टॅटचं झाकण उघडायला सांगा. थोडेच बोल्ट असतात. ते सरळ फिरून निघाले तर बरं. एखादा तुटला किंवा त्याला आच द्यावी लागली, तर मीठ खोलवर गेलंय. झाकणाखाली पांढऱ्या-करड्या खपल्यांचा थर दिसला, तर आतल्या वाटा निम्म्या बुजलेल्या असणार. ब्रॅकेटच्या मागे, पंख्याच्या वरच्या भागात, रंगाखाली फुगे आलेत का ते बोटाने दाबून पाहा. ॲनोडही बघा, म्हणजे स्वतः झिजून इंजिनाला गंजण्यापासून वाचवणारे धातूचे तुकडे. समुद्रात चालणाऱ्या इंजिनाला बहुधा जस्ताचे ॲनोड असतात. कोयनेच्या गोड्या पाण्यात जस्तावर थर धरतो आणि तो कामाचा राहत नाही. इथे मॅग्नेशियमचे लावावेत, खर्च थोडाच आहे.

दुसरा धोका आपल्याच जिल्ह्यांतला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पुरात बुडालेल्या गाड्या विमा कंपन्या लिलावात काढतात, आणि त्यांतली इंजिनं सुटी होऊन बाजारात फिरतात. चालू इंजिन पाण्यात बुडालं तर सिलिंडरमध्ये पाणी शिरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडासा वाकलेला रॉड चालूही राहतो आणि काही महिन्यांनी ब्लॉक फोडून बाहेर येतो.

हे ओळखायची युक्ती साधी आहे. हेड उघडं असताना प्रत्येक पिस्टन सगळ्यात वर आणा आणि ब्लॉकच्या पृष्ठापासून तो किती खाली आहे ते डेप्थ गेजने मोजा. सगळीकडे माप सारखं यायला हवं. एक पिस्टन खाली राहिला तर त्याचा रॉड वाकलेला असण्याची दाट शक्यता आहे. शिवाय फ्लायव्हीलखाली, स्टार्टरच्या आत आणि वायरिंगच्या कनेक्टरमध्ये बारीक, मऊ गाळ सापडतो. धुणारे बाहेरून धुतात, कनेक्टर कोणी उघडत नाही.

मोजमापांचा कागद

विक्रेत्याकडे हा कागद मागा आणि तिथेच बसून वाचा. त्यात सिलिंडरचा बोअर (आतला व्यास), पिस्टनचं माप, रिंगांच्या टोकांतली फट आणि हेडची सपाटी आकड्यांत हवी. चार स्ट्रोक किंवा डिझेल असेल तर क्रँकच्या जर्नलचं (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचं) मापही हवं. 'सगळं ओके' हे माप नव्हे.

बोअर कितीवर गेलाय ते विचारा. बोअर वाढवून ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन घालतात. ०.२५ वर असेल तर पुढे एक संधी उरते. ०.५० वर असेल तर बऱ्याच इंजिनांत ती शेवटची. पुढच्या वेळी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नवी नळी) बसवावी लागेल, आणि त्याचा खर्च आजच्या भावात वजा व्हायला हवा. तीन सिलिंडरपैकी एकच ओव्हरसाइज असेल तर बाकीचे दोन तपासलेत का, हे नक्की विचारा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कराडला, साताऱ्याच्या एमआयडीसीत बोअरिंगचं काम उत्तम होतं. ट्रक आणि ट्रॅक्टरची इंजिनं त्यांनी पिढ्यान्पिढ्या केली आहेत. पण टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत पोर्ट (वायू आत-बाहेर जायची भोकं) असतात. बोअर केल्यावर त्या पोर्टच्या कडा घासून गोलसर कराव्या लागतात, नाहीतर रिंग कडेला अडकून तुटते. ट्रकच्या कामाची सवय असलेला कारागीर हे विसरू शकतो. प्लगच्या भोकातून छोटा बोअरस्कोप कॅमेरा घालून कडा पाहता येतात. मोबाइलला जोडायचे असे कॅमेरे फार महाग नाहीत, आणि बोटीवाल्यांच्या संघटनेने एक घेऊन ठेवला तर सगळ्यांचं काम होईल.

याच वेळी नंबर जुळवा. आउटबोर्डच्या ब्रॅकेटवर पाटी असते, आणि बऱ्याच मेकमध्ये ब्लॉकवरही वेगळा क्रमांक असतो. पाटी खरवडलेली किंवा नव्याने रिव्हेट केलेली दिसली तर ते इंजिन सोडा. आउटबोर्ड चोरीला जातात. परदेशातून आलंय असं सांगितलं तर बिल ऑफ एंट्रीची (कस्टमकडच्या आयात नोंदीची) प्रत मागा.

वर्कशॉपमधली तपासणी

कॉम्प्रेशन गेज स्वतःचा न्या. इंजिन गरम करून सगळे प्लग काढा, स्पार्कच्या वायरी अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवा. प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहा. एकट्या आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यात दहा टक्क्यांपर्यंत फरक चालेल. एकाला १२० आणि दुसऱ्याला ९५ पीएसआय आलं तर ते इंजिन घेऊ नका. रिंगा नव्या असतील तर आकडा थोडा कमी येतो, पण तो सगळीकडे सारखाच कमी यायला हवा.

झिजलेल्या सिलिंडरमध्ये जाड ऑइल सोडून कॉम्प्रेशन वाढवून दाखवतात. म्हणून इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवून, ऑइल जळून गेल्यावर पुन्हा मोजा.

गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू थोडा सैल करून आधी काय येतं ते पाहा. पाणी किंवा दुधाळ ऑइल आलं तर सील गेलंय. चुंबक लावून लोखंडाचे कण दिसतात का बघा. पिठासारखी बारीक पूड चालेल, चकत्या नकोत. न्यूट्रलमध्ये पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवा आणि त्याला पेन्सिलीचं टोक जवळ धरा. अंतर कमी-जास्त झालं तर शाफ्ट वाकलाय, खडकावर आपटलेलं इंजिन आहे.

इंधनाच्या नळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हा धोका नवा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकांत मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या, डायफ्राम आणि फ्लोटच्या सुईचं रबर मऊ करतं. ते हवेतली ओल ओढतं, आणि टाकी महिनोन्महिने पडून राहिली तर पाणी-इथेनॉलचा थर तळाला वेगळा होतो. इंजिन तोच थर आधी ओढतं, आणि त्यात ऑइल जवळजवळ नसतं. जुन्या डिझाइनच्या इंजिनात सगळे रबरी भाग इथेनॉल सोसणारे घातलेत का, हे लेखी घ्या. बोटीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा. वॉरंटीत इंधनाबद्दलची अट नीट वाचा, कारण नकार द्यायला तिथूनच सुरुवात होते.

पाण्यावर, पूर्ण भाराने

पाइपचं पाणी लावून वर्कशॉपमध्ये सुरू केलेलं इंजिन काहीच सिद्ध करत नाही. पंख्यावर भार नसतो. चाचणी तुमच्याच बोटीवर, तुमच्याच पाण्यात व्हावी.

कोयना धरण भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटरवर असतं. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला साधारण एक टक्का घटते. म्हणजे किनाऱ्यावर ४० एचपी देणारं इंजिन इथे ३७ च्या आसपास देईल. मुंबईला छान पळालेलं इंजिन बामणोलीला जड वाटतं, त्यात इंजिनाचा दोष असेलच असं नाही. पण आरपीएम (मिनिटाला फेरे) मोजल्याशिवाय दोष कुठला आणि उंची कुठली, हे कळत नाही.

नेहमीइतक्या माणसांच्या वजनाची पाण्याची पिंपं बोटीत ठेवा. टॅकोमीटर लावून पूर्ण थ्रॉटल द्या. आरपीएम कंपनीने दिलेल्या पट्ट्यात यायला हवा. खाली राहिला तर इंजिन गुदमरून चालतंय, बेअरिंगवर ताण येतोय. पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा पुढे सरकायचं अंतर) एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. पिच बदलूनही आकडा पट्ट्यात येत नसेल तर इंजिन परत करा. मागून पडणारी पाण्याची धार सतत आणि जोरात हवी. अर्धा तास चालवल्यावर बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. गरम असताना सुरू व्हायला त्रास देणारं इंजिन पुढे कायम त्रास देतं.

वॉरंटी, जुनं इंजिन आणि पैसे

वॉरंटीचा कालावधी कधीपासून मोजायचा, हे आमच्या भागात फार महत्त्वाचं आहे. जूनमध्ये इंजिन आणलं आणि सहा महिन्यांची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरली, तर हंगाम सुरू होईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. चार महिने इंजिन झाकून पडलेलं आणि वॉरंटी संपत आलेली. बिलावर लिहून घ्या: 'पाण्यावरील चाचणीच्या तारखेपासून'. शिवाय 'व्यावसायिक वापरास लागू नाही' ही ओळ शोधा. पर्यटक नेणारी बोट व्यावसायिकच असते, त्यामुळे ती ओळ असेल तर वॉरंटी शून्य. मजुरी, वाहतूक आणि इंजिन उतरवण्याचा खर्च कोणाचा, तेही लिहा.

जुनं इंजिन परत दिल्यावर काही रक्कम मिळेल असं सांगतात. ब्लॉकला तडा असेल किंवा इंजिन बुडालेलं असेल तर ती रक्कम नाकारतात. जुन्या इंजिनाचे फोटो आणि मापं आधीच पाठवून होकार लेखी मिळवा.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या: थोडे ठरवताना, मोठा भाग वर्कशॉपच्या तपासणीनंतर, आणि निदान एक चतुर्थांश पाण्यावरची चाचणी झाल्यावर. इंजिनाचा क्रमांक लिहिलेलं जीएसटी बिल घ्या. बिलाशिवाय दहा टक्के कमी करणारा विक्रेता तुमची तक्रारीची वाट बंद करत असतो.

ती वाट खुली असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही. स्वतः बोट चालवणारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, तेही स्वतःच्या जिल्ह्यात, विक्रेता मुंबईचा असला तरी. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पगारी चालक ठेवून पाच-सहा बोटी चालवणाऱ्याला मात्र 'व्यापारी कारण' हा आक्षेप ऐकावा लागेल. त्यामुळे त्याने करारच पक्का करावा.

इंजिन बदललं की बोटीच्या नोंदणीत आणि विम्यात नवा क्रमांक आणि ताकद चढवून घ्या. कागदावर एक इंजिन आणि बोटीवर दुसरं, अशा बोटीचा अपघात झाला तर विमा कंपनी आधी तोच दोष काढते.

कोणी घ्यावं, कोणी घेऊ नये

पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या नदीकाठच्या ग्रामपंचायतींना माझं कळकळीचं सांगणं आहे: पुराच्या बचावबोटीला रिमॅन्युफॅक्चर्ड इंजिन नको. ते दहा-अकरा महिने पडून असतं आणि ज्या दिवशी लागतं, त्या दिवशी दुसरी संधी नसते. कमी ताकदीचं चालेल, पण नवं घ्या.

मोठ्या लाँचला डिझेल हवं असेल तर लांबून आणलेल्या तयार इंजिनापेक्षा कराड-कोल्हापूरकडे डोळ्यांसमोर खोलून बांधून घेतलेलं इंजिन मला जास्त भरवशाचं वाटतं. भाग इथे मिळतात, कारागीर ओळखीचा असतो. आउटबोर्डमध्ये जुनं ४० एचपी आणि नवं २५ एचपी यांत निवड असेल, आणि बोट लहान असेल, तर नवं २५ घ्या. रिमॅन्युफॅक्चर्ड इंजिन त्याला शोभतं, ज्याच्याकडे काठावर दुसरं चालू इंजिन आहे आणि हाताशी मिस्त्री आहे.

पहिले दहा तास

इंजिन बसवलं की लगेच पर्यटक घेऊन वासोट्याच्या पायथ्याला पळवू नका. टू-स्ट्रोकला पहिले दहा तास दुप्पट ऑइल, म्हणजे २५:१, पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर. पहिला तास अर्ध्या थ्रॉटलच्या आत ठेवा, आणि एकाच वेगाने फार वेळ चालवू नका. नंतर थोडा थोडा वेग वाढवा. चार स्ट्रोक आणि डिझेलमध्ये पहिलं ऑइल साधारण वीस तासांनी बदला. काढलेलं ऑइल पांढऱ्या कापडातून गाळून धातूचे कण बघा.

दहा तासांनी कॉम्प्रेशन पुन्हा मोजा, आधीच्या आकड्यांशेजारी लिहा आणि गेजचा फोटो तारखेसह विक्रेत्याला पाठवा. एखाद्या सिलिंडरचा आकडा उतरलेला दिसला तर बोट काठाला बांधा आणि वॉरंटी शिल्लक असतानाच इंजिन परत पाठवा.